इव्हेंट मॅनेजमेंटच्या मुलांना नेमकं काय शिकवू?

रत्नागिरीची मास्तरीण
बी.व्होक.ला, म्हणजे कौशल्यावर भर असलेल्या पदवीला, इव्हेंट मॅनेजमेंट शिकवते. नियमाने ६० टक्के श्रेयांक कौशल्याचे, पण आमची मुलं पॉवरपॉइंटवरच लग्नं लावतात. परीक्षा संपली की जूनमध्ये इंटर्नशिप. तिथे त्यांना कोणी काम देत नाही. धंद्यातल्या लोकांनी सांगा, काय बदलू?

मांडववाला, गुहागर
मॅडम, जूनमध्ये मीच रिकामा असतो, पोरांना काय देऊ? ताडपत्र्या मोजायला बसवू? तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम सुरू, तो मे संपेपर्यंत. गणपतीत तर माझे कामगारच आपापल्या घरी आरतीला. आधी वेळापत्रक बदला, अभ्यासक्रमाचं नंतर बघू.

शिकवायचंच तर विजेचा हिशोब शिकवा. ६२.५ केव्हीएचा जनरेटर म्हणजे फार तर ५० किलोवॅट. त्यात साउंड, लाइट, आचाऱ्याचा मिक्सर, नवरीच्या खोलीतला एसी. सगळं एकाच फेजवर टाकलं की ऐन रिसेप्शनला अंधार! थीमचे रंग पोरं इन्स्टावर बघून शिकतात, त्याला कॉलेज कशाला?

दुसरं, समुद्राची भरती. ती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. पाहणीला गेलात तेव्हा पाच वाजता कोरडी असलेली वाळू आठवड्याने पाचलाच पाण्याखाली असू शकते. मुंबईची पार्टी तिथेच स्टेज मागते. त्यांना नाही म्हणता येणं हेही शिकवा.

दापोलीचा साउंडवाला
रात्री दहाचा नियमही शिकवा. वरात उशिरा येते, यजमान म्हणतात 'एकच गाणं', आणि पोलीस मशीन माझं उचलतात.

एक पालक
म्हणजे फी भरून मुलांनी बांबू उचलायचे?

मांडववाला, गुहागर
दोन-चार दिवस उचलू देत की. बांबू किती लागतात ते कळल्याशिवाय कोटेशन कसं देणार? आमच्याकडे येणारी पदवीवाली पोरं दर विचारले की गप्प होतात.

रत्नागिरीची मास्तरीण
परीक्षा विद्यापीठाच्या हातात. डिसेंबरपासून शनिवार-रविवार पाठवले तर चालेल?

मांडववाला, गुहागर
चालेल. एका वेळी चारच. जेवण आणि भत्ता देईन, फुकट राबवणार नाही. रात्री परतायला एसटी नसते, मुक्कामाची परवानगी घरून लेखी आणा. आणि शिडीवर चढणाऱ्यांचा विमा कॉलेजचा की माझा, ते आधी ठरवा.