गॅरेजची तक्रार : 'हलगर्जी', 'थातुरमातुर' की 'फसवणूक'?

प्रश्न : बाइकची सर्व्हिसिंग वाईट झाली की गॅरेजबद्दल जाहीरपणे लिहिताना हे तिन्ही शब्द सरसकट वापरले जातात. अर्थ एकच का?

– नाही. हलगर्जी म्हणजे घ्यायची ती काळजी न घेणं. ऑइल बदलताना ड्रेन बोल्टचा चेपलेला वॉशर तसाच ठेवला आणि थेंब गळू लागले, ही हलगर्जी. बोल्ट अंदाजाने आवळून अ‍ॅल्युमिनियमचे आटे घालवले, तीही हलगर्जीच.

थातुरमातुर म्हणजे वरवर भागवून नेणं. त्याचं अस्सल उदाहरण टॅपेट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह (झडपा) दाबून उघडणारा भाग. इंजिन टकटकतं म्हणून टॅपेट आणि व्हॉल्व्हमधला गॅप नको तितका कमी केला, आवाज थांबला, काम झाल्यासारखं वाटलं. खरं तर गॅप इंजिन पूर्ण गार असताना, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून, मॅन्युअलमधल्या आकड्याला लावायचा असतो. तो फार कमी राहिला तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, नीट बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. किंचित वाजणारा टॅपेट परवडला, मुका नको.

– 'फसवणूक' म्हटलं की हेतू आला आणि तो सिद्ध करणं अवघड. एअर फिल्टरचे पैसे लावले पण आत जुनाच आहे, तर 'बिलात नवा, गाडीत जुना' एवढंच लिहून दोन्हींचे फोटो द्यावेत.

– 'चव्हाट्यावर आणणे' इथे मला पटत नाही. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा; झाकलेली खासगी गोष्ट उघड्यावर आणली, असा त्यात सूर आहे. पैसे मोजून घेतलेल्या कामाबद्दल बोलणं यात झाकण्यासारखं काय? 'जाहीर तक्रार' सरळ आहे.

– 'चेन टाइट केली' हेही जपून लिहा. ही तक्रार की कौतुक, कळत नाही. चेनला ठरावीक ढिलाई लागतेच. 'चेन प्रमाणाबाहेर ताणली' म्हणा आणि माप द्या : गाडी न्यूट्रलमध्ये, खालची बाजू मधोमध वर-खाली फक्त 10 मिमी हलते, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) स्टिकरवर 25 ते 35 आहे. मागचं चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. इतकी ताणलेली चेन सस्पेन्शन दबलं की आणखी आवळते आणि गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग खाते. 'खराब सर्व्हिस' या दोन शब्दांतून यातलं काहीच कळत नाही.