रोमकरांस पत्र ८:७ मधील ‘एख्थ्रा’: वैर की वैरी?

प्रश्न:
आमच्या मंडळीच्या अभ्यासवर्गात देहस्वभावाचे चिंतन हे देवाबरोबर ‘वैर’ आहे असे वाचले, तेव्हा एका भगिनींनी विचारले की चिंतन स्वतःच वैर कसे असेल. फार तर ते वैरी असेल. मूळ ग्रीक शब्द ‘एख्थ्रा’ आहे एवढे मला ठाऊक आहे. त्याचा अर्थ राग, द्वेष की शत्रुत्व?

उत्तर १:
भगिनींची शंका रास्त आहे, आणि वल्गाते या बायबलच्या जुन्या लॅटिन भाषांतराच्या प्रचलित आवृत्तीनेही येथे ‘इनिमिका’, म्हणजे ‘वैरी’, असे विशेषणच योजले आहे. ग्रीकमध्ये ‘वैर’ हे नाम आणि ‘वैरी’ हे स्त्रीलिंगी विशेषण यांत फरक केवळ आघाताचा, म्हणजे उच्चारातील जोराचा, असतो आणि प्राचीन हस्तलिखितांत आघातचिन्हे सहसा नसत. तरीही पत्राचा लेखक पौल याच्या वाक्यात विशेषण बसत नाही, कारण ‘चिंतन’ यासाठीचा ‘फ्रोनेमा’ हा शब्द मराठीतल्याप्रमाणेच नपुंसकलिंगी आहे. त्याच्याशी ‘एख्थ्रॉन’ जुळले असते, ‘एख्थ्रा’ नाही. म्हणून मराठी भाषांतरातले ‘वैर’ मला अचूक वाटते. शिवाय हा राग नव्हे, कारण गलतीकरांस पत्र ५:२० च्या यादीत ‘एख्थ्राय’ (वैरे) आणि ‘थुमोय’ (संताप) वेगवेगळे मोजले आहेत.

उत्तर २:
वरील विवेचनाशी मी सहमत आहे, पण या शब्दाचा खरा पोत मला लूक २३:१२ मध्ये दिसतो. गालीलचा शासक हेरोद आणि रोमी सुभेदार पिलात हे येशूच्या चौकशीच्या दिवशी एकमेकांचे मित्र झाले. त्यापूर्वी ते ‘एख्थ्रा’मध्ये होते. मनात उसळलेल्या भावनेपेक्षा दोघांच्या मध्ये ठाण मांडून बसलेली स्थिती येथे अभिप्रेत आहे, जशी भावकीत बोलणे-चालणे बंद पडल्यावर असते. उत्पत्ती ३:१५ च्या ग्रीक भाषांतरातही देव सर्प आणि स्त्री यांच्या ‘मध्ये’ एख्थ्रा ठेवतो. इफिसकरांस पत्र २:१४ मध्ये तर तिच्याशेजारी यहूदी आणि परकीय यांच्यामधली भिंतच येते. यरुशलेमच्या मंदिरात परकीयांना अडवणारा कठडा होता. त्यावरील ग्रीक शिलालेख १८७१ मध्ये सापडला. आत शिरलेला परका पकडला गेला, तर त्याच्या मृत्यूला तो स्वतःच जबाबदार राहील, असा इशारा त्या दगडावर कोरलेला आहे. पौलाच्या मनात हाच कठडा होता की नाही याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मला तो संबंध पटतो.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. ‘फ्रोनेमा’च्या लिंगाचा मुद्दा येत्या वर्गात त्या भगिनींपुढे प्रथम मांडीन, आणि लूकचे वचन सर्वांना मोठ्याने वाचायला लावीन.