मासे मेले, पण रिपोर्टात ऑक्सिजन 6.4! पाण्याचा नमुना घेताना माझं काय चुकलं?

शिरोळचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी शिरोळ तालुक्यातला, शेती करतो. मागच्या महिन्यात तेरवाड बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पंचगंगेत मासे तडफडून वर आले. पाणी काळं, वर फेस, आणि वास असा की नाकाला रुमाल लावूनच उभं राहावं लागत होतं. मी आणि चुलतभाऊ दुपारी चारला गेलो, काठावरनं विकतच्या पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या भरल्या आणि गाडीच्या डिकीत टाकल्या. शनिवार होता, लॅब बंद. घरी आणल्या तर मंडळींनी फ्रीजला हात लावू दिला नाही, म्हणून रविवारभर माळ्यावर ठेवल्या. सोमवारी एका खाजगी लॅबला नेऊन दिल्या.

रिपोर्ट आला. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 6.4 मिलिग्रॅम, बीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप) 9. अंघोळीच्या पाण्याला ऑक्सिजन 5 च्या वर लागतो म्हणे, म्हणजे कागदावर ऑक्सिजनात तरी आमची नदी पास! ग्रामपंचायतीत दाखवला तर एक जण म्हणाला, "मासे म्हातारपणानं मेले असतील." बाराशे रुपये गेले ते गेले, वर हसं झालं. लॅबनं घोळ घातला का मी?

पाटील_कुरुंदवाड

भावा, स्वतः नमुना घेऊन काय उपयोग न्हाई. प्रदूषण मंडळाला फोन करायचा, त्यांच्या माणसानं घेतलेला नमुनाच धरतात.

निवृत्त_केमिस्ट

पाटील, अर्धं बरोबर आहे. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना कोर्टात टिकायचा तर 1974 च्या जल कायद्यातल्या कलम 21 प्रमाणेच घ्यावा लागतो. तिथल्या माणसाला नोटीस, त्याच्यासमोर दोन भाग, सील, सह्या. पण नदीत काय चाललंय हे गावाला कळायला आणि तक्रारीला जोड द्यायला स्वतःचा नमुना चालतो. फक्त तो नमुना पाहिजे, नुसतं बाटलीतलं पाणी नको.

शिरोळकर, लॅबला दोष देऊ नका. तुम्ही लॅबला जे पाणी दिलंत त्यात 6.4 असणारच. तो ऑक्सिजन नदीचा नाही, तुमच्या बाटलीतल्या हवेचा. काठोकाठ भरली होती का? नसणार. वर चार बोटं हवा, त्यात डिकीत तासभर घुसळण. आपल्याकडे उन्हाळ्याच्या पाण्यात लिटरमागे फार तर सात-साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, म्हणजे तुमचं पाणी हवेनं जवळजवळ भरूनच लॅबला पोचलं. आणि बीओडी म्हणजे जंतूंनी घाण खाताना वापरलेला ऑक्सिजन. दोन दिवस माळ्यावरच्या उकाड्यात त्यांनी बरंचसं जेवण उरकून घेतलं, मग उरलेलं 9 आलं.

ऑक्सिजनची बाटली वेगळी असते: 300 मिलीची, काचेची, घासून बसवलेल्या बुचाची. ती पाण्याखाली हळूच बुडवून भरायची. बादलीतून घ्यायचं झालं तर वरून ओतायचं नाही. सलाईनची स्वच्छ नळी बाटलीच्या तळाशी टेकवायची, पाणी वर चढू द्यायचं, बाटलीच्या दुप्पट-तिप्पट बाहेर सांडू द्यायचं. बूच तिरकं सरकवून लावायचं. उलटी करून बघा, मोहरीएवढाही बुडबुडा दिसला तर ओतून पुन्हा भरा.

मग तिथंच, नदीवरच, त्यात मँगनीजचं द्रावण आणि अल्कली-आयोडाइड 2-2 मिली सोडायचं. पिपेटचं टोक पाण्याखाली, हातात मोजे. बूच लावून हलवलं की साका बसतो. ऑक्सिजन असेल तर तो काकवीसारखा तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो, पातळ ताकासारखा. मी नोकरीत हजारो बाटल्या केल्या, पण तो पांढरा साका बघताना दरवेळी पोटात गोळा यायचा. लॅबचा आकडा नंतर येतो, रंग तिथंच सांगतो.

शिरोळचा_पोरगा

सर, डोळे उघडले. बाटली अर्धीच होती, खरंच. पण ही रसायनं आम्हाला कोण देणार? आणि पाणी नेमकं कुठनं घ्यायचं? काठावर जलपर्णी दाटलेली असते.

निवृत्त_केमिस्ट

लॅबला आधी फोन करा, बऱ्याच लॅब बाटल्या आणि रसायनं देतात. दोन दिवस आधी सांगा. सोमवार ते गुरुवारच गाठा. शनिवारचा नमुना हा नमुना नव्हे.

काठाचं पाणी घेऊ नका, घाटाच्या पायरीवरचं तर नकोच. होडी मिळाली तर मधल्या धारेत जा. पाण्यात उतरणार असाल तर प्रवाहाकडे तोंड करा, बाटलीचं तोंडही तिकडेच, म्हणजे तुमच्या पायांनी ढवळलेला गाळ मागे जाईल. वीतभर खोल. वरचा फेस बाटलीत यायला नको.

वेळ पहाटेची धरा. शेवाळ दिवसभर उन्हात ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ऑक्सिजन खातं, त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी आकडा तळाला असतो. तुम्ही दुपारी चारला गेलात. आणि बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले की काळं पाणी सरकत पुढे जातं. मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसले की तेव्हाच घ्यायचं, दुसऱ्या दिवशी तिथं दुसरंच पाणी असतं. त्याच सकाळी एक नमुना इचलकरंजीच्या वर, रुईच्या बंधाऱ्यापाशी घ्या. तुलनेला काही नसेल तर नुसता आकडा मुका.

बीओडीची बाटलीही काठोकाठ, थर्माकोलच्या डब्यात बर्फात, 24 तासांच्या आत लॅबला. बर्फ रसवंतीवाल्याकडून घ्या, पण पिशवीत बांधून, वितळलेलं पाणी झाकणात शिरतं. धातू तपासायचे असतील तर प्लॅस्टिकच्या वेगळ्या बाटलीत नायट्रिक आम्ल टाकून. कीटकनाशकांना काच, प्लॅस्टिक अजिबात नको. आणि कोल्ड्रिंकची बाटली कशालाच नको, तळाला राहिलेली साखर बीओडी वाढवते.

नंबर बाटलीवर घाला, झाकणावर नको. मी एकदा झाकणांवर घातले होते. लॅबात बाराच्या बारा एकदम उघडल्या आणि मग बघत बसलो कुठलं कुणाचं. सगळा दिवस पाण्यात. पेन्सिलीनं लिहा, शाई ओघळते.

जीवशास्त्र_मॅडम

सर, एक जोडते. रसायनांच्या साध्या बाटल्या त्याच पाण्यानं तीनदा खळबळून घ्यायच्या, पण जंतूंची बाटली अजिबात खळबळायची नाही. ती निर्जंतुक करून कागदात गुंडाळून येते. पाण्याजवळ गेल्यावरच उघडायची, बूच खाली ठेवायचं नाही, आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, आणि वर थोडी हवा मुद्दाम सोडायची, लॅबमध्ये हलवता यावं म्हणून. माझ्या एका विद्यार्थ्यानं बूच दातात धरलं होतं. तो नमुना नदीचा कमी आणि त्याचाच जास्त होता.

शिवाय लॅबकडचं शुद्ध पाणी भरलेली एक बाटली नदीवर नेऊन उघडा, बंद करा आणि बाकीच्यांबरोबर परत द्या. तिच्यात काही सापडलं तर ते नदीतलं नाही, तुमच्या हातातलं किंवा डब्यातलं.

शिरोळचा_पोरगा

लॅबला फोन केला. बाटल्या बुधवारी मिळतात, रसायनं टाकायला त्यांचा माणूसही येतो म्हणाले, येण्याजाण्याचं पेट्रोल आपलं. चुलतभाऊ होडीवाल्याला बोलून आलाय. गुरुवारी पहाटे साडेपाचला निघतोय. मॅडम, शुद्ध पाण्याची बाटली लॅबवाल्यांना सांगितली, ते म्हणाले अशी मागणी पहिल्यांदाच आली. थर्माकोलचा डबा मात्र अजून मिळालेला नाही. मंडळींचा नवा पापडाचा डबा आहे, पण तो मागायचं धाडस होईना.