घाटात गाडी तापते: नुसतं कूलंट बदलू की रेडिएटरही?

प्रश्न
पेट्रोल हॅचबॅक, १० वर्षं जुनी. सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा जागेवर असतो, कसारा घाटात एसी लावून चढताना वर सरकतो. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतली पातळी हळूहळू उतरते. आजवर बोअरचं पाणी घातलंय. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
बोअरचं पाणी आजपासून बंद. त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनच्या आत बसतो, मग उष्णता बाहेर पडत नाही. नवा रेडिएटर घेण्याआधी फ्लश करून (आतून धुऊन) बघा.

इंजिन पूर्ण थंड हवं. खालचा ड्रेन प्लग उघडून सगळं काढा, डिस्टिल्ड वॉटर भरा, हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालवा, थंड झाल्यावर परत काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. ड्रेन केलं तरी इंजिनच्या ब्लॉकमध्ये बरंच पाणी उरतं, म्हणून आधी एकूण क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) ओता आणि वर डिस्टिल्ड वॉटर. क्षमता ५ लिटर असेल तर कॉन्सन्ट्रेट अडीच लिटर. 'रेडी टू यूज' कॅन घेतलात तर त्यात पाणी मिसळायचं नाही, पण ब्लॉकमधल्या पाण्याने तेही पातळ होणारच. त्यामुळे फ्लशनंतर कॉन्सन्ट्रेटच बरं.

हवा काढायला विसरू नका. रेडिएटरचं झाकण उघडं, हीटर फुल, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत आयडलिंग. मधूनमधून रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दाबा, बुडबुडे येतील. हवा अडकली तर नव्या कूलंटवरही गाडी तापते.

प्रतिसाद २
ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापली असती तर फॅन, रिले किंवा सेन्सरवर संशय घेतला असता. चढावर तापते म्हणजे नळ्या चोंदल्यात, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अर्धवट उघडतोय किंवा वॉटर पंप कमी पडतोय. थर्मोस्टॅट गरम पाण्यात थर्मामीटरसह टाकून बघा. बहुतेक ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडू लागतात, नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो.

रेडिएटरचं झाकण आधी बदला, सगळ्यात स्वस्त दुरुस्ती तीच. त्याचं रबर गेलं की दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि बाटलीतून बाहेर पडतं. गाडी थंड झाल्यावर होज चपटा दिसला तर दोष झाकणाच्या व्हॅक्यूम व्हॉल्व्हचा.

प्रश्नकर्ता
हिरवं घेऊ की गुलाबी? गळतीसाठी स्टॉप-लीक (गळती बुजवणारं औषध) टाकू का?

प्रतिसाद ३
रंगावर जाऊ नका, तो कंपनीगणिक बदलतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार घ्या, दोन प्रकार मिसळू नका. स्टॉप-लीक नकोच, हीटर कोअरच्या (केबिनच्या हीटरमधल्या छोट्या रेडिएटरच्या) बारीक नळ्या त्यानेच बुजतात.

गळती शोधायला गॅरेजमध्ये थंड इंजिनवर प्रेशर टेस्टर लावून घ्या, झाकणावर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त नको. पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी आणि होजच्या क्लिपांपाशी वाळलेले डाग बघा. बाहेर काहीच सापडलं नाही, डिपस्टिकवरचं ऑइल ताकासारखं दिसलं किंवा गरम इंजिनचाही पांढरा धूर थांबत नसेल, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचा भाग यांमधलं सील) तपासल्याशिवाय घाट चढू नका.

काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. गोडसर असल्याने कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसंही जीवघेणं ठरतं. झाकणबंद कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.