मदत हवी आहे : तेच कुटुंब वर्षानुवर्षे, आणि त्याचे प्रवास

नमस्कार मंडळी,

घरात पैसा वाढला की कुटुंब जास्त फिरतं, की मुळात फिरणारी कुटुंबंच वेगळी असतात? माझ्या प्रबंधाचा हा गाभा आहे, आणि गाडी विदेपाशी (म्हणजे डेटापाशी) अडली आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या देशांतर्गत पर्यटनावरच्या दोन फेऱ्या मी वापरते आहे : ६५वी (२००८-०९) आणि ७२वी (२०१४-१५). तपशील छान आहे. प्रवासाचा हेतू, मुक्काम, खर्च, सगळं विचारलंय. पण दोन्ही वेळची कुटुंबं वेगळी. त्यामुळे एकाच घरात काय बदललं, हे कळत नाही. जर्मनीत १९८४ पासून त्याच कुटुंबांकडे पाहणीसाठी दरवर्षी जातात. नोकरी गेली, मूल झालं, कुणी निवृत्त झालं, की सुट्टीचं काय होतं ते तिथे थेट तपासता येतं. मला हेच आपल्याकडे करायचंय.

सीएमआयई (अर्थव्यवस्थेची आकडेवारी गोळा करणारी खासगी संस्था) दर चार महिन्यांनी त्याच कुटुंबांना भेटते. ही विदा प्रवासखर्चासाठी कुणी वापरली आहे का? मोठी शंका अशी : पाहणीच्या वेळी जे घर कुलूपबंद, तेच कदाचित फिरायला गेलेलं! मग फिरणारेच नोंदीतून गळत असतील, तर दुरुस्ती कशी करायची? आणि मुलगा वेगळा राहू लागला की ते नवं कुटुंब धरायचं का?

शिवाय गणपतीला कोकणात गावी जाणं. माझ्या मते ते पर्यटनात मोजायला हवं, मार्गदर्शकांना पटत नाही. तुम्ही काय केलंत?