बदललेल्या गुडघ्याचा बोन स्कॅन काळा आला म्हणजे इन्फेक्शन नव्हे

गॅमा कॅमेरा
काल इथे एकाने सल्ला दिला: "गुडघा बदलल्यावर वर्षभरात दुखला तर सरळ बोन स्कॅन करा, काळं दिसलं की इन्फेक्शन पक्कं." खाली आभारांची रांग. वाचून संताप आला, म्हणून सविस्तर लिहितोय.

बोन स्कॅनमध्ये टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ जोडलेलं औषध जिथे हाड नव्याने बनतंय तिथे जाऊन बसतं, आणि फोटोत ती जागा काळी दिसते. ऑपरेशनमध्ये हाड कापलेलं असतं, ते भरून येत असतं. त्यामुळे खुब्याभोवती वर्षभर आणि गुडघ्याभोवती दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, काहीही बिघडलेलं नसताना काळं दिसतं. इम्प्लांट नुसतं सैल झालं तरी दिसतं. या स्कॅनचा खरा उपयोग उलटा आहे: तिन्ही फेज (औषध देताच, काही मिनिटांनी आणि काही तासांनी घेतलेले फोटो) स्वच्छ आल्या तर इन्फेक्शनची शक्यता फार कमी.

संसर्गच शोधायचा तर पांढऱ्या पेशींचा स्कॅन. पेशंटचंच ४०-५० मिली रक्त काढून पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना किरणोत्सारी लेबल लावून परत शिरेतून द्यायच्या, तीन-चार तासांनी आणि मग २०-२४ तासांनी फोटो घ्यायचे. संसर्ग असेल तर दुसऱ्या दिवशी तिथला जमाव वाढलेला दिसतो. इम्प्लांटभोवती मज्जेची जागा बदललेली असते आणि या पेशी मज्जेतही जातात, म्हणून शंका उरली तर जोडीला सल्फर कोलॉइडचा मज्जेचा स्कॅन; हे औषध मज्जेत जातं, संसर्गाच्या जागी नाही. दोन्ही मिळून वाचले तर निदान सुमारे ९० टक्के वेळा बरोबर येतं. तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येतो तो बोन स्कॅनच!

खुबा-गुडघा
मी सांधे बदलतो, म्हणून उत्तर देणं भाग आहे. माझ्या जिल्ह्यात पेशी लेबल करणारं एकही केंद्र नाही. सत्तरीच्या बाईंना पुण्या-मुंबईला पाठवून दोन दिवस ठेवायचं कुणाच्या खर्चाने? ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या आणि सांध्यात सुई घालून काढलेलं पाणी, यावर बहुतेकांचं निदान होतं. जुनाट दुखण्यात पाण्यात दर मायक्रोलिटरला ३००० च्या वर पांढऱ्या पेशी निघाल्या तर तो मोठा पुरावा. बदललेल्या सांध्याचा संसर्ग गुण देऊन ठरवणाऱ्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत तुमच्या स्कॅनला एक गुणही नाही.

गॅमा कॅमेरा
मग २०२१ चे युरोपियन निकषही सांगा की. पांढऱ्या पेशींचा स्कॅन पॉझिटिव्ह आला तर संसर्ग संभवतो, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. सोयीचं तेवढंच वाचायचं का? आणि सुई कोरडी आली तर काय करता?

मु. पो. सांगोला
तुमचे निकष राहू द्या. माझ्या आईचं पाणी काढलं, कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काही उगवलं नाही. कारण गल्लीतल्या डॉक्टरने अँटिबायोटिक आधीच सुरू केलेलं, आणि सुई घालणाऱ्यानेही विचारलं नाही. "सगळं ठीक आहे" ऐकत बसलो. शेवटी टाक्याशेजारून पू वाहायला लागला. इम्प्लांट काढलं, त्या जागी तात्पुरता सिमेंटचा ठोकळा, स्पेसर, बसवला, पुन्हा ऑपरेशन. आधी त्या गोळ्या थांबवा, मग स्कॅनवर भांडा.

फॅमिली डॉक्टर
दोष कायम आमच्याच माथी. रात्री पेशंट तापाने फणफणलेला, गुडघा लाल, सर्जनचा फोन बंद. मी हात जोडून बसू?

खुबा-गुडघा
ताप चढलाय, बीपी पडतंय तर द्या, कोण अडवतंय? पण ताप नसलेल्या, महिनोन् महिने ठणकणाऱ्या गुडघ्याला "घ्या पाच दिवस" म्हणून गोळ्या कशासाठी? पाणी काढण्याआधी दोन आठवडे अँटिबायोटिक बंद हवं. तुमच्या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, इम्प्लांटला चिकटून लपतात, आणि आम्ही रिकामं कल्चर बघत बसतो.

फॅमिली डॉक्टर
मग हे डिस्चार्ज कार्डावर लिहा ना! मराठीत, मोठ्या अक्षरात: "या गुडघ्याला सूज आली तर अँटिबायोटिकआधी आम्हाला दाखवा." माझ्याकडे आलेल्या एकाही कार्डावर हे नव्हतं. आमच्यावर ओरडणं सोपं आहे.

मु. पो. सांगोला
आईच्या कार्डावर व्यायामाची चित्रं होती, पथ्य होतं. एवढी एक ओळ नव्हती.

खुबा-गुडघा
कार्डाचं मान्य करावं लागेल. फोनचं नाही, माझा चालू असतो.

ठाणेकर
एवढा घोळ कशाला? सरळ पेट स्कॅन करावा.

गॅमा कॅमेरा
पेटमधलं एफडीजी, म्हणजे साखरेसारखं किरणोत्सारी औषध, संसर्ग नसतानाही कृत्रिम खुब्याच्या मानेभोवती जमतं. नुसतं चमकलं म्हणून इन्फेक्शन म्हटलं, तर बोन स्कॅनचीच चूक जास्त पैसे देऊन होईल.

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रत्येक पेशंट मला नकोय. सुई कोरडी, सीआरपी ना इकडे ना तिकडे, दुखणं थांबत नाही, एवढेच पाठवा. पण बोन स्कॅनच्या काळ्या डागावर कुणाचा सांधा उघडू नका.

खुबा-गुडघा
तेवढे पाठवीन. पण क्षयाच्या संसर्गात तुमच्या पेशी तिथे फारशा जमत नाहीत, स्कॅन खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, हे तुम्ही एवढ्या लांबलचक पोस्टमध्ये लिहिलं नाहीत. आपल्याकडे हे विसरून चालत नाही. आणि रिपोर्टवर नुसतं "क्लिनिकली कोरिलेट करा", म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी तुम्हीच ताडून बघा, एवढंच नको. दुसऱ्या दिवशीचा फोटो घेतला का, मज्जेचा स्कॅन केला का, पेशंट अँटिबायोटिकवर होता का, हे तिन्ही लिहून द्या.