रात्री वाचायला नवीन रहस्यकादंबऱ्या आणि मनाला आधार देईल असं एखादं पुस्तक सुचवा

सायली_नाशिक

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. दीड महिन्यापूर्वी बाबांची बायपास झाली. आता घरी आहेत, तब्येत सुधारतेय, पण रात्री दोनतीनदा उठतात आणि उठले की धरायला कुणीतरी लागतं, म्हणून मी त्यांच्याच खोलीत खाली गादी टाकते. दीडला एकदा उठलं की मला परत झोप लागत नाही. मग मोबाईल, मग रील्स, मग साडेतीन वाजतात आणि सकाळी मुलीच्या डब्याच्या पोळ्या लाटताना डोकं नुसतं जड.

कॉलेजात असताना मी रहस्यकथांची वेडी होते. सुहास शिरवळकरांचे म्हणजे सुशिंचे मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास, सगळ्यांची पारायणं केलीत. नंतर नोकरी, लग्न, मुलगी, पंधरा वर्षं वाचन बंदच पडलं म्हणा ना. बाबांचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा बाहेर बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, त्यांचे मिस्टरही आतच होते, आणि त्या एक कव्हर गेलेली जुनी रहस्यकथा वाचत होत्या, पान उलटायच्या आधी दरवाज्याकडे एकदा बघायच्या आणि परत वाचायला लागायच्या. मी चार तास काहीच न करता भिंतीकडे बघत बसले होते. त्या बाई डोक्यातून जात नाहीत.

तर दोन गोष्टी हव्यात. एक, गेल्या आठदहा वर्षांतल्या चांगल्या रहस्यकादंबऱ्या, इंग्रजी चालतील, मराठी असेल तर फारच छान. रक्ताचे पाट नकोत, लहान मुलांचं काही नको. दुसरं, मन शांत ठेवायला मदत होईल असं एखादं पुस्तक, पण उपदेश करणारं नको. मैत्रिणीने प्रेमाने एक दिलं, त्यात पहिल्याच प्रकरणात की पहाटे पाचला उठा, दिवसाचा पहिला तास फक्त स्वतःसाठी ठेवा. माझा पहिला तास बाबांच्या गोळ्या, बीपी, दूध आणि डबा यात जातो. ते वाचून मला रडूच आलं, पुस्तक कपाटात ठेवून दिलं.

वाचनालयाचा_माणूस

सायलीताई, बाबांना लवकर बरं वाटो. मी बावीस वर्षं एका तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसतोय, त्यामुळे असं कुणी विचारलं की मला राहवत नाही, थोडं लांबेल.

तुम्ही नाशिकच्या, म्हणून आधी सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल' (२०१८). काळ १९२१, मुंबई. परवीन मिस्त्री ही पारशी वकील मुलगी वडिलांच्या ऑफिसात काम करते. एक मुसलमान गिरणीमालक वारतो, त्याच्या तिन्ही विधवा पडद्यात राहतात, आणि तिघींनीही आपला मेहर (लग्नात नवऱ्याने बायकोच्या नावे कबूल केलेली रक्कम) सोडून दिल्याच्या कागदावर सह्या केल्यात असं निघतं. खरंच स्वखुशीने केल्या का, हे विचारायला पुरुष वकील जनान्यात जाऊ शकत नाही, परवीन जाऊ शकते. तिथून गोष्ट सुरू होते. आता नाशिकचा संबंध असा, की परवीन ज्यांच्यावरून सुचली त्यात एक कॉर्नेलिया सोराबजी, आणि त्यांचा जन्म नाशिकचा, १८६६ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, तिथून ऑक्सफर्डला, तिथे कायदा शिकणाऱ्या पहिल्या बाई. आणि परत येऊन पुढे वर्षानुवर्षं पडद्यातल्या बायकांच्या इस्टेटींचीच कामं केली, म्हणजे कादंबरीतला तो प्रसंग हवेतला नाही. बायकांना वकिली करायची कायद्याने मोकळीक मिळाली ती १९२३ साली, हे लक्षात ठेवून वाचलं की परवीनच्या प्रत्येक पावलाला वजन येतं. एक सांगून ठेवतो, मधे मधे परवीनच्या आधीच्या लग्नाची हकिगत येते आणि ती त्रास देणारी आहे. तेवढी तयारी ठेवा.

दुसरी, वसीम खान यांची 'मिडनाइट अ‍ॅट मलबार हाउस' (२०२०). नावं सारखी म्हणून आमच्याकडे लोक दोन्हीत गोंधळ करतात. ३१ डिसेंबर १९४९ ची रात्र, मुंबईत एका बड्या इंग्रज अधिकाऱ्याच्या घरी नव्या वर्षाची पार्टी आणि तिथेच त्याचा खून. तपास येतो पर्सिस वाडिया हिच्याकडे, देशातली पहिली बाई इन्स्पेक्टर (कादंबरीतली), जिला कुणालाच नको असलेल्या लोकांच्या चौकीत टाकलेलं आहे. संविधान लागू व्हायला महिना राहिलाय, फाळणीच्या जखमा ओल्या आहेत, आणि खुनाचा धागा तिकडेच जातो. तुम्हाला हे मुद्दाम सांगतोय कारण पर्सिसचे वडील व्हीलचेअरवर आहेत, पुस्तकांचं दुकान चालवतात, दोघांचं रोज वाजतं आणि दोघांना एकमेकांशिवाय कुणी नाही. त्यांची संभाषणं वाचताना तुम्हाला आपलं घर दिसेल. या पुस्तकाला २०२१ चा ऐतिहासिक रहस्यकथांसाठीचा सीडब्ल्यूए डॅगर, म्हणजे ब्रिटनमधल्या रहस्यकथा लेखकांच्या संघटनेचा पुरस्कार, मिळालाय.

'द थर्सडे मर्डर क्लब' तुम्हाला दहा जण सुचवतील. गोड पुस्तक आहे, केंटमधल्या निवृत्तांच्या वसाहतीतले चार म्हातारे जुन्या केसेस सोडवतात. पण त्यातल्या एलिझाबेथच्या नवऱ्याची स्मृती हळूहळू चाललीय, आणि म्हातारपण, आजारपण सगळं हसत हसत अगदी जवळून येतं. तुम्ही आत्ता घरात तेच बघताय. सहा महिन्यांनी वाचा.

आणि एक विनंती सगळ्यांनाच. आमच्याकडे अर्नाळकरांच्या झुंजारच्या एका पुस्तकात पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात खुनी कोण ते लिहून ठेवलं होतं. मी खोडलं, पण कागद असा जुना की पेन्सिलीचा ठसा तसाच राहिला, उजेडात तिरका धरला की वाचता येतो. एक आजोबा ते पुस्तक परत करायला आले तेव्हा त्यांचा चेहरा इतका उतरलेला होता की विचारू नका. इथे खुनी फोडू नका, एवढंच.

मीनाकाकू_सोलापूर

सायली बाळा, मी सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून रिटायर झाले, रात्रपाळ्या आयुष्यभर केल्यात, म्हणून हक्काने सांगते. वरच्या भाऊंनी पुस्तकं छानच सांगितली, पण रात्री दीडला रहस्यकादंबरी उघडू नकोस गं. 'पुढे काय' ची ओढ लागली की मेंदू जागाच राहतो. ती दुपारी वाच, बाबा झोपतात तेव्हा. रात्री बाबांना झोपवून परत आडवी झालीस आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर तिथेच तळमळत पडू नको, उठून मंद दिव्यात बस, काहीतरी कंटाळवाणं वाच, पेंग आली की परत गादीवर. घड्याळ बघू नको, मोबाईल तर दुसऱ्या खोलीतच ठेव.

पुस्तकाचं म्हणशील तर डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. नवीन नाही, राजहंसने काढून पंचवीसेक वर्षं झाली, पण तुझ्या घरात आत्ता याच्याइतकं उपयोगाचं दुसरं नाही. गडचिरोलीत लोकांसाठी काम करणारा डॉक्टर स्वतःच हृदयविकाराने आडवा होतो आणि मग स्वतःकडेच रुग्ण म्हणून बघतो, काय खात होतो, कसा धावत होतो, कशाला घाबरलो, सगळं. उंचावरून बोलत नाहीत ते, शेजारच्या पलंगावरून बोलतात असं वाटतं. बाबांना वाचून दाखव. माझ्या वॉर्डातल्या किती पेशंटना मी सांगितलंय हे. त्यातलं पथ्यपाणी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच करायचं.

आणि तुझ्यासाठी डॉ. आनंद नाडकर्णींचं 'स्वभाव-विभाव'. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती आपल्या घरातल्या भाषेत सांगितलीय. मूळ मुद्दा एवढाच की प्रसंग आपल्याला जेवढा त्रास देतो त्याहून जास्त त्या प्रसंगाबद्दल आपण स्वतःशी जे बोलतो ते देतं. 'मला हे जमलंच पाहिजे, मी दमता कामा नये' असं जे तू मनात म्हणत असशील ना, त्या 'च' ला धरायला शिकवतं ते. रोज चारपाच पानं बास.

झोपेवरचं 'व्हाय वी स्लीप' कुणी सुचवलं तर आत्ता घेऊ नकोस. कमी झोपेने काय काय होतं याची त्यात इतकी भीती आहे की झोप न येणारं माणूस आणखी जागं राहतं. आणि हे सगळं करूनही दोनतीन आठवडे असंच राहिलं तर डॉक्टरांना दाखव, लाजू नको. १४४१६ वर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

रात्रपाळी

काकूंशी थोडं असहमत. मी केमिकल प्लांटमधे शिफ्टला आहे, सकाळी सातला घरी येतो आणि डोक्यात व्हॉल्व आणि अलार्मच फिरत असतात. मला शांत करतं ते कोडंच. ध्यानाला बसलो की विचार आणखी जोरात येतात, पण कोडं असलं की मन एका जागी बसतं, कारण त्याला काम मिळतं. सगळ्यांचं सारखं नसतं.

कीगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' वाचा. मूळ जपानी २००५ ची, इंग्रजीत २०११ ला आली, म्हणजे अगदी नवीन नाही पण त्यानंतर मी वाचलेलं काहीही तिच्या जवळ गेलेलं नाही. खून कुणी केला ते सुरुवातीलाच कळतं. एक बाई आणि तिची मुलगी, आणि शेजारी राहणारा गणिताचा मास्तर, जो त्यांना वाचवायला पुढे येतो. प्रश्न एवढाच की त्याने नेमकं काय केलंय. गणितात जसं उत्तर समोर असतं आणि तरी सिद्धता सापडत नाही तसं होतं. शेवटी मी बसमधे होतो आणि माझा स्टॉप गेला. 'जाने जान' पिक्चर बघितला असेल तर मात्र राहू द्या, तो याच्यावरच आहे.

मराठीत हवं असेल तर सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या गोष्टी, अशोक जैन यांनी केलेले अनुवाद, रोहन प्रकाशनचे. छोट्या आहेत, एका बैठकीत संपतात, रक्तपात नावाला. दीड वाजता वाचायला याच बऱ्या, संपलं की संपलं, पुढची ओढ नाही.

अनघा_बेंगळुरू

+१ फेलूदाला. माझ्याकडून हरिणी नागेंद्र यांची 'द बँगलोर डिटेक्टिव्ह्ज क्लब' (२०२२). लेखिका इकॉलॉजिस्ट आहेत त्यामुळे १९२१ चं बेंगळुरू झाडांसकट, तळ्यांसकट येतं. कावेरी नावाची नवीन लग्न झालेली, गणित आवडणारी मुलगी आणि तिचा डॉक्टर नवरा. खून आहे पण पुस्तक प्रेमळ आहे, माझ्या सासूबाईंनी आणि मी एकाच आठवड्यात वाचलं.

वेलनेसमधे ऑलिव्हर बर्कमन यांचं 'फोर थाउजंड वीक्स' (२०२१). ऐंशी वर्षांचं आयुष्य म्हणजे जेमतेम चार हजार आठवडे. त्याचा मुद्दा असा की सगळं कधीच उरकणार नाही, आणि ते मान्य केलं की मग जे हातात आहे ते मनापासून करता येतं. तुझ्या पहाटे पाचवाल्या पुस्तकाच्या बरोबर उलटं. माझी आई गेली त्या वर्षी वाचलं होतं. मी ऑफिसचं काम मागे टाकून तिच्याजवळ बसायचे आणि सतत अपराधी वाटायचं, ते वाटणं या पुस्तकानंतर खरंच कमी झालं.

सायली_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार, काकू तुमचा तो 'च' तर मी फ्रिजवर लिहून चिकटवलाय.

बारा दिवसांनी लिहितेय कारण सांगण्यासारखं झालंय. 'स्वभाव-विभाव' आणि 'मिडनाइट अ‍ॅट मलबार हाउस' दोन्ही आणली. मोबाईल मुलीच्या खोलीत. काकूंचं ऐकून रहस्यकादंबरी दुपारी वाचायला घेतली, बाबा पलंगावर पडून होते, झोपलेत असं मला वाटलं, तर म्हणाले कुणाचा खून झालाय गं? मी थोडक्यात सांगितलं. मग म्हणाले असं नको, पहिल्यापासून वाच. त्यांना इंग्रजी कळतं पण कानाला उच्चार पकडता येत नाहीत, म्हणून मी एकेक परिच्छेद वाचून मराठीत सांगते. तासभर जातो. बाबा १९४९ मधे दोन वर्षांचे होते, त्यांना आठवत काहीच नाही, पण आजी रेशनच्या रांगांबद्दल काय सांगायची ते सगळं ऑपरेशननंतर पहिल्यांदाच इतकं सलग बोलले. पर्सिसच्या वडिलांवर त्यांचा भारी जीव बसलाय, व्हीलचेअरवर असून दुकान चालवतो म्हणतात, बघ.

रात्रीचं पूर्ण सुधारलं नाही. पण या बारा दिवसांत पाच रात्री मी परत झोपले, मोजून सांगतेय.

अठ्ठावीस पानं राहिलीत. बाबांनी कालच विचारलं की या बाईचं पुढचं पुस्तक आहे का. आहे का?

वाचनालयाचा_माणूस

आहे की! 'द डायिंग डे', २०२१. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतून दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चं शेकडो वर्षं जुनं हस्तलिखित गायब होतं, आणि ते सांभाळणारा माणूसही. बाबांना हेही सांगा की तसं हस्तलिखित टाउन हॉलमधल्या एशियाटिककडे खरोखर आहे, लेखकाच्या मनातलं नाही. त्या माणसाने मागे कोडी टाकलेली आहेत, एकेक सोडवत जायचं, दोघांनी मिळून करायला फार छान. कोड्याच्या पानाशी थांबा, उत्तर लगेच वाचू नका, बाबांना रात्रभर विचार करू द्या... नको, रात्रभर नको, काकू रागावतील, संध्याकाळपर्यंत करू द्या.